मालक लंडन, कसणारं एडिंबरा

कार्लाईल हे इंग्लंडच्या उत्तर टोकाचं शहर. तिथून गाडीने वीसेक मिनिटं उत्तरेला गेलं की सार्क नावाची नदी लागते. नदी म्हणायचं एवढंच, आपल्याकडे तिला ओढा म्हणतील. पलीकडचं गाव ग्रेटना, म्हणजे स्कॉटलंड. मधे नाका नाही, कुंपण नाही, कुणी कागद मागत नाही. राजा एकच, पंतप्रधान एकच, चलनही एकच.

पण डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन कार्लाईलच्या औषधाच्या दुकानात गेलात आणि वयाची वा उत्पन्नाची सवलत तुम्हाला नसली, तर प्रत्येक औषधामागे जवळपास दहा पौंड मोजावे लागतात. ग्रेटनाचा माणूस आपल्या गावच्या दुकानातून तेच औषध फुकट घेऊन घरी जातो. कार्लाईलच्या मुलीला विद्यापीठाची फी वर्षाला नऊ हजार पौंडांहून जास्त. ग्रेटनाच्या मुलीने स्कॉटलंडमधलंच विद्यापीठ निवडलं, तर तिची फी सरकार भरतं. लगेच ग्रेटनात घर शोधायला लागू नका, कारण पगार चांगला असेल तर तिथे आयकर जास्त बसतो.

एकाच देशात असं होतं, कारण आरोग्य, शिक्षण आणि आयकराचे दर या गोष्टी स्कॉटलंडपुरत्या लंडनमध्ये ठरत नाहीत, स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबऱ्यात ठरतात. या व्यवस्थेला इंग्रजीत डिव्होल्यूशन म्हणतात. मराठीत आपण 'सत्तेचं विकेंद्रीकरण' म्हणून मोकळे होतो. पण त्या पोत्यात ग्रामपंचायतीपासून सगळंच मावतं. शंभर वर्षांपूर्वीचा एक मराठी शब्द जास्त नेमका आहे, 'सोपीव'.

शाळेत माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा पाठ केलेल्यांना तो आठवेल. १९१९ च्या कायद्याने प्रांतांची खाती दोन ढिगांत वाटली. शिक्षण, सार्वजनिक आरोग्य, शेती ही सोपीव खाती भारतीय मंत्र्यांकडे, तर पोलीस आणि जमीन महसूल ही राखीव खाती गव्हर्नरच्या हाताखाली. ही वाटणी ज्या नियमांनी झाली, त्यांचं नावच 'डिव्होल्यूशन रूल्स' होतं. म्हणजे लंडनने हा प्रयोग मुंबई इलाख्यावर करून पाहिला, तेव्हा स्कॉटलंडच्या वाट्याला तो यायला पाऊणशे-ऐंशी वर्षं होती. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ मुंबई प्रांताचा कारभार पाहू लागलं, तेव्हा स्कॉटलंडचा कारभार लंडनने नेमलेला एक मंत्री हाकत होता. खेरांच्या मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये राजीनामा दिल्यावर गव्हर्नरने सगळा कारभार पुन्हा हातात घेतला, हेही लक्षात ठेवा. सोपवलेलं परत घेता येतं. पुढचा सगळा विषय या एका वाक्याभोवती फिरतो.

आता कुणी म्हणेल, यात नवीन ते काय? महाराष्ट्रालाही विधानसभा आहे, स्कॉटलंडलाही संसद आहे. फरक आहे तो मुळाशी. महाराष्ट्राचे अधिकार राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत लिहिलेले आहेत. राज्यसूचीतला एखादा विषय कायमचा खोडायचा, तर दिल्लीला संसदेत दोन तृतीयांश मतं लागतात, आणि वर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती. ब्रिटनमध्ये एका पुस्तकात बांधलेली राज्यघटनाच नाही. तिथे संसद सर्वोच्च. तिने आज केलेला कायदा ती उद्या साध्या बहुमताने रद्द करू शकते. स्कॉटलंडची संसद ज्या १९९८ च्या कायद्याने जन्मली, तोही असाच एक कायदा. त्याच्या २८ व्या कलमात स्कॉटिश संसदेला कायदे करण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्याच कलमाच्या सातव्या पोटकलमात म्हटलं आहे की यामुळे स्कॉटलंडसाठी कायदे करण्याच्या ब्रिटिश संसदेच्या अधिकाराला बाधा येत नाही. एका हाताने दिलं, दुसरा हात खिशावरच ठेवला.

आपल्या सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर मालक म्हणून नाव लंडनचं, आणि जमीन कसतंय एडिंबरा. स्कॉटलंड हे कूळ आहे.

गंमत अशी की या कुळाकडे वावर मोठं आहे. आपल्याकडे केंद्र, राज्य आणि समवर्ती अशा तीन याद्या, आणि कोणत्याच यादीत न बसणारा नवा विषय निघाला तर तो दिल्लीचा. स्कॉटलंडमध्ये यादी एकच, लंडनने स्वतःकडे ठेवलेल्या विषयांची. परराष्ट्र धोरण, संरक्षण, चलन, देशात कुणाला येऊ द्यायचं ते, आणि राज्यघटनेचे प्रश्न. यादीत जे नाही ते सगळं एडिंबऱ्याचं. महाराष्ट्राला शेत लहान, पण नाव सातबाऱ्यावर. स्कॉटलंडला शेत मोठं, पण कुळाचं. (आपल्याही सातबाऱ्यावर एक बोजा आहे. घटनेच्या तिसऱ्या कलमाखाली राज्याची सीमा, नाव, अगदी राज्यपणसुद्धा संसद साध्या बहुमताने बदलू शकते. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरबाबत ते झालं.)

मुळात स्कॉटलंडने ही जमीन सोडली कधी? १७०७ मध्ये. त्याआधी ते वेगळं राज्य होतं, त्याची स्वतःची संसद होती. मध्य अमेरिकेत डेरियन इथे वसाहत उभारण्याच्या नादात सतराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडने देशातला मोठा पैसा बुडवला होता. इंग्लंडला उत्तरेची सीमा सुरक्षित हवी होती. दोन्ही संसदांनी कायदे केले आणि १ मे १७०७ पासून संसद एकच उरली, लंडनची. पण विलीन होताना स्कॉटलंडने तीन गोष्टी हातच्या सोडल्या नाहीत, आपली न्यायव्यवस्था, आपलं चर्च आणि आपली शिक्षणपद्धती. स्वतंत्र कायदा आहे आणि तो करणारं सभागृह मात्र घरचं नाही, अशी अवस्था जवळपास तीनशे वर्षं टिकली.

१ मार्च १९७९ ला स्कॉटलंडमध्ये सार्वमत झालं. विधानसभा हवी का? ५१.६ टक्के लोक 'हो' म्हणाले आणि विधानसभा मिळाली नाही. कारण कायद्यात एक मेख मारून ठेवली होती. नुसतं बहुमत पुरे नाही, मतदारयादीतल्या एकूण नावांच्या ४० टक्के लोकांनी 'हो' म्हटलं पाहिजे. जो घरी बसला, तो आपोआप 'नाही'च्या पारड्यात. यादीतल्या एकूण नावांशी तोलल्यावर 'हो' भरलं ३२.९ टक्के. ही मेख मारणारा खासदार जॉर्ज कनिंगहॅम जन्माने स्कॉटिश आणि सत्ताधारी मजूर पक्षाचाच होता. स्वतंत्र स्कॉटलंड मागणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीने चिडून सरकारविरुद्ध मत दिलं, जेम्स कॅलाहन यांचं सरकार ३११ विरुद्ध ३१० अशा एका मताने पडलं, आणि निवडणुकीत मार्गारेट थॅचर आल्या.

स्कॉटिश संसदेची खरी जन्मदात्री कोण, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर थॅचरबाई. त्यांचा तिला विरोध होता, तरीही. १९८७ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला स्कॉटलंडमध्ये ७२ पैकी १० जागा मिळाल्या, पण देशात बहुमत होतं, म्हणून स्कॉटलंडवर राज्यही त्यांचंच. मग १९८९ मध्ये त्यांनी डोईपट्टी आणली. घराच्या अंदाजित भाड्यावरची पट्टी काढून टाकायची आणि प्रत्येक प्रौढ माणसामागे सारखी रक्कम घ्यायची, मग तो सरदार असो की सफाई कामगार. ही डोईपट्टी स्कॉटलंडमध्ये इंग्लंडच्या एक वर्ष आधी लागू केली. आम्ही ज्यांना निवडून दिलं नाही, ते आमच्यावर आधी प्रयोग करतात, ही भावना घराघरात गेली. १९९७ च्या निवडणुकीत थॅचरबाईंच्या पक्षाचा स्कॉटलंडमधून एकही खासदार आला नाही. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला पुन्हा सार्वमत झालं, आणि या वेळी ७४.३ टक्के 'हो'.

वेल्सची गोष्ट वेगळी, आणि ती सांगताना मुळशीची आठवण होते. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं. १९५७ मध्ये शहराच्या महापालिकेने थेट लंडनच्या संसदेतून कायदा करून घेतला आणि वेल्समधलं ट्रिवेरिनचं खोरं धरणासाठी मिळवलं. वेल्सचे जवळपास सगळे खासदार विरोधात होते, तरी कायदा झाला, कारण सभागृहात त्यांची संख्या ती किती! १९६५ मध्ये कापेल केलिन हे वेल्श भाषा बोलणारं गाव शाळा, प्रार्थनामंदिर आणि स्मशानभूमीसह पाण्याखाली गेलं. 'ट्रिवेरिन विसरू नका' ही वेल्श अक्षरं आजही तिथल्या भिंतींवर रंगवलेली दिसतात. एवढं होऊनही १९७९ मध्ये वेल्सने विधानसभा जवळपास ८० टक्क्यांनी नाकारली, आणि १९९७ मध्ये स्वीकारली ती ५०.३ टक्क्यांनी, फक्त ६,७२१ मतांच्या फरकाने. आपल्याकडे एवढ्या फरकावर आमदार निवडून येतात. सुरुवातीला वेल्सच्या सभागृहाला पूर्ण कायदा करण्याचाही अधिकार नव्हता. तो २०११ च्या सार्वमतानंतर आला. आता त्याचं नाव 'सेनेद', आणि ६० सदस्यांचं हे सभागृह २०२६ च्या निवडणुकीपासून ९६ चं.

स्कॉटलंडची नवी संसद १२ मे १९९९ ला बसली. वयाने ज्येष्ठ म्हणून खुर्चीत बसलेल्या विनी युइंग म्हणाल्या, २५ मार्च १७०७ रोजी तहकूब झालेली स्कॉटलंडची संसद पुन्हा सुरू होत आहे. कायदेशीरदृष्ट्या हे वाक्य साफ चुकीचं आहे. जुनी संसद तहकूब नव्हे, संपलीच होती, आणि नवी होती लंडनने कायद्याने सोपवलेली. पण लोकांना पटलं ते विनीबाईंचंच. कूळ पहिल्या दिवसापासून स्वतःला मालक समजत होतं.

मग १२९ सदस्यांच्या या संसदेने केलं काय? २६ मार्च २००६ ला सार्वजनिक बंदिस्त जागेत सिगारेट बंद केली. इंग्लंडला तेच करायला आणखी पंधरा महिने लागले. दारूतल्या मद्यार्काच्या प्रत्येक मापाला (युनिटला) किमान किंमत ठरवणारा कायदा २०१२ मध्ये केला, व्हिस्की उत्पादकांनी तो युरोपच्या न्यायालयापर्यंत खेचला, आणि शेवटी २०१८ मध्ये तो लागू झाला. सगळंच शहाणपणाचं होतं असं नाही. एडिंबऱ्यात होलीरूडला संसदेची इमारत बांधायला घेतली, तेव्हा चार कोटी पौंडांपर्यंतचे आकडे सांगितले जात होते. २००४ मध्ये ती पूर्ण झाली तेव्हा बिल ४१ कोटी ४० लाखांवर गेलं होतं. आपल्याकडच्या सिंचन प्रकल्पांची सुधारित अंदाजपत्रकं वाचणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

फीच्या बाबतीत तर एक विनोदच झाला. युरोपीय संघाच्या नियमांमुळे इतर सदस्यदेशांच्या विद्यार्थ्यांशी भेदभाव करता येत नव्हता, म्हणून ब्रेक्झिटपर्यंत, म्हणजे ब्रिटन संघातून बाहेर पडेपर्यंत, एडिंबऱ्यात जर्मन मुलगा फुकट शिकायचा. नियम देशांमधल्या भेदभावापुरता होता, देशाच्या आतल्या नाही. त्यामुळे त्याच वर्गात बसलेली कार्लाईलची मुलगी मात्र पूर्ण फी भरायची.

पैशाचं काय? हा भाग रुक्ष आहे, पण टाळता येत नाही. स्कॉटलंडच्या तिजोरीत मोठी रक्कम लंडनहून येते, आणि ती दरवर्षी किती बदलायची हे 'बार्नेट सूत्र' ठरवतं. समजा इंग्लंडमध्ये आरोग्यावरचा खर्च शंभर पौंडांनी वाढला. इंग्लंडच्या दर शंभर माणसांमागे स्कॉटलंडमध्ये साधारण दहा माणसं, म्हणून स्कॉटलंडला साधारण दहा पौंड वाढवून मिळतात. ते आरोग्यावरच खर्च करा असं बंधन नाही, रस्त्यांना लावले तरी चालतील. उलटही खरं. इंग्लंडने खर्च कापला की स्कॉटलंडची रक्कमही घटते, मग तिथल्या सरकारला ती कपात पटो वा न पटो. स्वयंपाक काय करायचा ते तुम्ही ठरवा, किराणा किती भरायचा ते थोरल्या घरचं माप ठरवणार. हे सूत्र १९७० च्या दशकात तात्पुरती सोय म्हणून आणलं होतं. जोएल बार्नेट या ज्या मंत्र्याच्या नावाने ते चालतं, त्यांनीच पुढे ते रद्द करा म्हणून सांगितलं. अजून चालू आहे.

मजूर पक्षाचा हिशेब असा होता की संसद दिली की स्कॉटिश राष्ट्रवाद थंड होईल. झालं उलटं. २००७ मध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टी ४७ विरुद्ध ४६ अशा एका जागेच्या आघाडीवर सत्तेत आली. २०११ मध्ये तिने स्पष्ट बहुमत मिळवलं, तेही कुणालाही सहज बहुमत मिळू नये अशी निवडणूक पद्धत असताना. मग लंडनने स्वातंत्र्याच्या सार्वमताला तात्पुरता अधिकार दिला, आणि १८ सप्टेंबर २०१४ ला ५५.३ टक्के लोकांनी वेगळं व्हायला नकार दिला. मतदान झालं ८४.६ टक्के. १६ वर्षांच्या मुलांनाही मत होतं. राष्ट्रकुलातल्या देशांचे तिथे रीतसर राहणारे नागरिकही मत देऊ शकत होते. त्यामुळे पुण्याहून ग्लासगोला शिकायला गेलेला मुलगा स्कॉटलंडच्या भवितव्यावर मत टाकू शकत होता, आणि लंडनमध्ये राहणारा अस्सल स्कॉटिश माणूस नाही.

मतदानाआधी घाबरलेल्या लंडनच्या नेत्यांनी आणखी अधिकारांचा शब्द दिला होता, त्यातून २०१६ चा कायदा आला. पगारावरच्या आयकराचे दर आणि टप्पे ठरवायचा अधिकार एडिंबऱ्याला मिळाला, म्हणून ग्रेटनातला तो जास्तीचा कर. याच कायद्यात लिहिलं की स्कॉटिश संसद कायमची आहे, आणि स्कॉटलंडच्या लोकांच्या सार्वमताशिवाय ती रद्द होणार नाही. आणखी एक गोष्ट त्यात आली. सोपवलेल्या विषयांत लंडनची संसद एडिंबऱ्याच्या संमतीशिवाय 'सामान्यतः' कायदा करणार नाही, अशी प्रथा १९९९ पासून होती. ती कायद्यात घातली. 'सामान्यतः' या शब्दासकट.

त्या एका शब्दाची किंमत ब्रेक्झिटमध्ये कळली. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही राजकीय प्रथा आहे, ती पाळली गेली की नाही हे न्यायालय तपासणार नाही. २०१८ मध्ये ब्रेक्झिटच्या कायद्याला स्कॉटिश संसदेने संमती नाकारली. लंडनने कायदा केलाच, परिस्थिती सामान्य नाही म्हणून. जानेवारी २०२३ मध्ये लिंगओळख बदलण्याची प्रक्रिया सोपी करणारं एडिंबऱ्याने मंजूर केलेलं विधेयक लंडनच्या मंत्र्याने १९९८ च्या कायद्याचं ३५ वं कलम वापरून राजाच्या सहीआधीच अडवलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा ते कलम कपाटातून बाहेर आलं होतं. राज्यपालांकडे अडकून पडलेली विधेयकं पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना आश्चर्य वाटावं ते इतकी वर्षं न वापरल्याचं. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की स्वातंत्र्यावर पुन्हा सार्वमत घ्यायचं तर एडिंबऱ्याला ते स्वतःच्या अधिकारात घेता येणार नाही. जमीन कितीही वर्षं कसा, सातबारा तलाठ्याकडे आहे आणि तलाठी लंडनला बसतो.

उत्तर आयर्लंडमध्ये तर मालकाने जमीन काढून घेतल्याची उदाहरणंही आहेत. तिथे १९२१ पासून प्रांतिक संसद होती. हिंसाचार वाढल्यावर १९७२ मध्ये लंडनने ती गुंडाळली. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर नवी विधानसभा आली, आणि अट अशी की ब्रिटनवादी आणि आयर्लंडवादी अशा दोन्ही बाजूंनी मिळूनच सरकार चालवायचं. फर्स्ट मिनिस्टर आणि डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री म्हणा, यांचे अधिकार सारखेच, एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचीही खुर्ची जाते. त्यामुळे ते सरकार २००२ ते २००७, २०१७ ते २०२० आणि २०२२ ते २०२४ असं तीनदा दीर्घकाळ बंद पडलं. तरीही बंद पडलेलं सरकार लोक पुन्हा पुन्हा सुरू करतात. बंदुकांपेक्षा ही भांडणं परवडली, असा त्यामागचा हिशेब असावा.

राहता राहिलं इंग्लंड. सर्वांत मोठा भाऊ, आणि त्याला स्वतःची संसदच नाही. २००४ मध्ये ईशान्य इंग्लंडला विभागीय सभागृह देऊ केलं, लोकांनी ७८ टक्क्यांनी नाकारलं. अधिकार नसलेल्या आणखी एका सभेसाठी पुढारी पोसायचे कशाला, असा सूर होता. आता मँचेस्टरसारख्या भागांत थेट निवडलेले महापौर आहेत, बससेवेसारखे विषय त्यांच्याकडे आहेत, पण कायदा करण्याचा अधिकार नाही. २०२० च्या टाळेबंदीत पंतप्रधान टीव्हीवर नवे नियम सांगायचे आणि ते फक्त इंग्लंडपुरते असायचे, हे कित्येक ब्रिटिश लोकांना तेव्हा पहिल्यांदा उमगलं.

टॅम डालयेल या स्कॉटिश खासदाराने १९७७ मध्येच एक प्रश्न विचारून ठेवला होता. स्कॉटलंडचं आरोग्य, शिक्षण एडिंबऱ्यात ठरणार असेल, तर इंग्लंडच्या आरोग्य-शिक्षणावर स्कॉटलंडच्या खासदारांनी लंडनमध्ये मत का द्यावं? त्यांच्या मतदारसंघाच्या नावावरून त्याला 'वेस्ट लोदियनचा प्रश्न' म्हणतात. २७ जानेवारी २००४ ला तो पुस्तकातून उठून सभागृहात आला. इंग्लंडच्या विद्यापीठांची फी वर्षाला तीन हजार पौंडांपर्यंत वाढवू देणारं विधेयक पाच मतांनी तरलं, ३१६ विरुद्ध ३११, आणि बाजूच्या मतांत स्कॉटलंडच्या मजूर खासदारांची चाळीसहून अधिक मतं होती. त्यांच्या स्वतःच्या मतदारांच्या मुलांना ती फी लागू होणार नव्हती. यावर तोडगा म्हणून २०१५ मध्ये इंग्लंडपुरत्या विधेयकांना इंग्लिश खासदारांची वेगळी संमती लागेल असा नियम केला. तो इतका किचकट निघाला की २०२१ मध्ये काढून टाकला, आणि फार कुणी हळहळलंही नाही. कार्लाईलच्या मुलीची फी जिथे ठरते, तिथे आज स्कॉटलंडचे ५७ खासदार बसतात. ग्रेटनाच्या मुलीची फी जिथे ठरते, तिथे कार्लाईलचा कुणी नाही.